विज्ञान-तंत्रज्ञान: आधी शाळेची पुस्तकं की आधी चालू घडामोडी?

कलाशाखा:
पूर्व परीक्षा जवळ आली की विज्ञान-तंत्रज्ञानासाठी बहुतेक जण एकच करतात. वर्षभराच्या करंटची पीडीएफ उघडायची आणि क्षेपणास्त्रं, उपग्रह, विषाणू घोकायचे. हा रस्ता उलटा आहे असं माझं ठाम मत आहे. आठवी ते दहावीची विज्ञानाची पुस्तकं आधी वाचा, बातम्या नंतर. मी स्वतः इतिहासाची पदवीधर आहे, त्यामुळे हे सायन्सवाल्यांच्या सोयीसाठी म्हणत नाही.

यूपीएससी पूर्व २०१८ मधला आयआरएनएसएसचा, म्हणजे जीपीएससारख्या भारताच्या प्रादेशिक उपग्रह दिशादर्शन यंत्रणेचा प्रश्न बघा. दुसरं विधान असं होतं की ही यंत्रणा संपूर्ण भारत आणि सीमेपलीकडचा सुमारे ५५०० चौरस किमी भाग व्यापते. आपली भूसीमाच १५ हजार किमीच्या वर आहे. ५५०० चौरस किमी तिच्या कडेने पसरले तर अर्धा किमी रुंदीची पट्टीसुद्धा होत नाही. सुमारे ३६ हजार किमी उंचीवरच्या उपग्रहाचा सिग्नल सीमा ओलांडून लगेच संपेल का? (खरं सेवाक्षेत्र सीमेपलीकडे १५०० किमीपर्यंत आहे.) तिसरं विधान म्हणे २०१९ च्या मध्यापर्यंत भारताची जगभर चालणारी यंत्रणा होणार. सात उपग्रहांच्या प्रादेशिक यंत्रणेवरून एकदम जगभर? जीपीएसची मूळ रचनाच २४ उपग्रहांची आहे. दोन्ही विधानं पाठांतराशिवाय उडतात.

रात्रपाळी:
उडतात, मान्य. पण पुढे? पर्याय होते: फक्त १, १ आणि २, २ आणि ३, एकही नाही. म्हणजे तुम्ही 'फक्त १' आणि 'एकही नाही' यांच्यात येऊन अडकलात. पहिलं विधान होतं, तीन उपग्रह भूस्थिर आणि चार भूसमकालिक कक्षेत. हे दहावीच्या कुठल्या धड्यातून काढणार? ते वाचलेलंच असावं लागतं. चुकलात तर दोन गुण मिळाले नाहीतच, वर ०.६६ गेले.

२०२२ ला 'क्युबिट' कशाशी संबंधित आहे एवढंच विचारलं होतं. क्वांटम संगणकाची बातमी ज्याने वाचली त्याने पाच सेकंदांत खूण केली. नोकरी करून अभ्यास करणाऱ्याला आठवीपासून सुरुवात करा सांगणं मला पटत नाही. हातात रात्रीचे दोन तास असतात.

कलाशाखा:
@रात्रपाळी, पहिल्या विधानाबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथे माहितीच हवी. बातम्या वाचूच नका असं मी म्हणत नाही, क्रम बदला म्हणते. २०२० ला 'प्रोन्यूक्लियर ट्रान्सफर' कशासाठी वापरतात हे विचारलं (उत्तर: मुलांमध्ये तंतुकणिकेचे, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचे आजार टाळण्यासाठी). २०२१ ला तंतुकणिकेचे आजार पालकांकडून मुलांकडे कसे जातात यावर विधानं आली. ज्यांनी फक्त शब्द पाठ केला त्यांना हे दोन वेगळे प्रश्न वाटले. तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए असतो आणि तो आईच्या अंडपेशीतून येतो, हे ज्यांना पेशीच्या धड्यापासून माहीत होतं त्यांना दोन्हीकडे तेच कामाला आलं.

गणित_वेळेचं:
तुम्ही दोघंही या विषयाला गरजेपेक्षा जास्त मोठं करताय. १०० प्रश्नांत याचा वाटा दरवर्षी खालीवर होतो, भरवसा नाही. राज्यघटना, अर्थव्यवस्था, पर्यावरण यांत लावलेला तास जास्त खात्रीने परत येतो. कला-वाणिज्यवाली मुलं विज्ञानाच्या धास्तीने महिनेच्या महिने घालवतात आणि पॉलिटीची रिव्हिजन राहून जाते. हे मी अभ्यासिकेत सारखं बघतोय आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. मागच्या दहा वर्षांचे प्रश्न सोडवा, तेच विषय पक्के करा, बाकी सोडा.

पेपर_तिसरा:
फक्त पूर्वचा हिशोब केला तर ठीक आहे. लेखी उत्तरांच्या मुख्य परीक्षेचं काय? २०२२ चंच उदाहरण घ्या. पूर्वमध्ये कोविड लसींवर विधानं होती: कोविशील्ड एमआरएनएवर बनते (चूक, ती विषाणू-वाहक प्रकारची), स्पुटनिक व्ही वाहक प्रकारची, कोव्हॅक्सिन निष्क्रिय विषाणूची. त्याच वर्षी मुख्यच्या जीएस ३ मध्ये (सामान्य अध्ययनाचा तिसरा पेपर) लस विकसित करण्यामागचं मूळ तत्त्व आणि भारतीय उत्पादकांनी वापरलेल्या पद्धती लिहायला सांगितल्या. प्रतिपिंड कसे तयार होतात हेच ठाऊक नसेल, तर कंपन्यांची नावं लिहून उत्तरपत्रिका भरणार का? पूर्वला तुक्का चालतो, मुख्यला नाही.

राज्यसेवावाला:
मंडळी, सगळी चर्चा यूपीएससीचीच चालली आहे. राज्यसेवा पूर्वला सामान्य विज्ञानाचे प्रश्न बऱ्याचदा थेट शालेय पुस्तकाच्या पातळीवरचे असतात: भिंग, आम्ल-आम्लारी, जीवनसत्त्वं, वनस्पतींचं वर्गीकरण. आमच्यासाठी स्टेट बोर्डाची पुस्तकं हाच पाया, त्यात वाद नाही. मुख्यही आता वर्णनात्मक झाली, म्हणजे @पेपर_तिसरा यांचं म्हणणं आम्हालाही लागू.

रात्रपाळी:
@पेपर_तिसरा, लसीचं उदाहरण पटलं. तरी सगळी पुस्तकं वाचायला मी तयार नाही. नेमके धडे सांगा, मग बोलू.

कलाशाखा:
पेशी, आनुवंशिकता, सूक्ष्मजीव, गुरुत्वाकर्षण, प्रकाश आणि अवकाश मोहिमा. एवढंच आधी. मग सूर्याचा अभ्यास करणाऱ्या भारताच्या आदित्य-एल१ यानाची बातमी घ्या आणि पृथ्वीपासून १५ लाख किमीवरचीच जागा का निवडली हे स्वतःला विचारा. सूर्य आणि पृथ्वीच्या ओढीचा मेळ तिथे असा बसतो की यान पृथ्वीच्याच गतीने सूर्याभोवती फिरत राहतं. हे एकदा कळलं की आकडा वेगळा पाठ करावा लागत नाही.

गणित_वेळेचं:
प्रकाश काढा त्यातून. यूपीएससीसाठी त्या धड्याचा उपयोग झालेला मला तरी क्वचितच दिसला. त्याऐवजी बौद्धिक संपदेचं बघा. ती जीएस ३ च्या अभ्यासक्रमात नावानिशी आहे आणि शाळेच्या एकाही पुस्तकात नीट सापडत नाही.