व्हॉल्व्हवर 'मुलार्ड' छापलंय म्हणून तिप्पट भाव का द्यायचा?

तापीकाठ (जळगाव)
जुने रेडिओ जपणाऱ्या खान्देशातल्या मंडळींना विचारतो. ईसीसी ८३ या व्हॉल्व्हवर (जुन्या रेडिओतली काचेची नळी) 'मुलार्ड' हे ब्रिटिश कंपनीचं नाव दिसलं की विकणारा तिप्पट सांगतो, आणि 'बीईएल', म्हणजे आपलं भारत इलेक्ट्रॉनिक्स, दिसलं की घेणारा बाजूला सारतो. मला हे चूक वाटतं. फिलिप्सने १९२७ पर्यंत मुलार्ड पूर्ण ताब्यात घेतली होती. पुढे याच समूहाचा माल ब्रिटनमध्ये मुलार्ड, जर्मनीत व्हाल्वो, अमेरिकेत अँपेरेक्स म्हणून खपला. एका कारखान्यातला व्हॉल्व्ह दुसऱ्याच नावाच्या खोक्यात जायचा. अमेरिकेत तर क्रमांकही वेगळा, हाच व्हॉल्व्ह तिकडे १२एएक्स७. १९६१ पासून बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही व्हॉल्व्ह बनवले, त्यांना कमी का लेखायचं? व्हॉल्व्ह तपासायच्या टेस्टरवर काय भरतं त्याचे पैसे द्या.

भुसावळचा नाना
नाही पटत, भाऊ. मुलार्डच्या इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातल्या मालाला लोक उगाच मान देत नाहीत. टेस्टर आजचं रीडिंग दाखवतो. आवाजातली खरखर आणि पुढे किती टिकेल हे त्यावर कळत नाही. नाव म्हणजे निदान एक ओळख असते.

तापीकाठ
ओळख बुडाजवळच्या बारीक कोडात असते, नाना. 'बी' म्हणजे ब्लॅकबर्न, त्रिकोण म्हणजे हॉलंडमधलं हेर्लेन. छापलेलं नाव बोटाने पुसलं जातं आणि नवं छापताही येतं. आज नवा 'मुलार्ड' मिळतो तो रशियातल्या सारातोवचा. अमेरिकेतल्या न्यू सेन्सरने ते नाव घेतलंय.

धुळ्याचा रेडिओवाला
बरोबर शे भो! पण तुम्ही दोघं भावावरच अडकलात. घरचा सेट बंद पडतो तो व्हॉल्व्हच्या क्रमांकातल्या पहिल्या अक्षराकडे न पाहिल्यामुळे. 'ई' म्हणजे ६.३ व्होल्टचं हीटर (व्हॉल्व्ह तापवणारी आतली तार), 'यू' म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या हीटरांची १०० मिलिअँपिअरची सीरिज, 'डी' म्हणजे १.४ व्होल्ट, बॅटरीवरच्या सेटचा. ईसीएच ८१ आणि यूसीएच ८१ पायांना सारखेच, सॉकेटात सहज बसतात. पण यूसीएचला १९ व्होल्ट लागतात, ६.३ वर तो तापतच नाही, आणि गिऱ्हाईक म्हणतं व्हॉल्व्ह मेला. असे चांगले व्हॉल्व्ह फेकलेले पाहिले की जीव तुटतो.

भुसावळचा नाना
अक्षराचं मान्य. कोडाचंही मान्य, पण मग ब्लॅकबर्नचा कोड असेल तर जास्त भाव रास्तच ठरतो ना?

तापीकाठ
कोड दाखवा, जास्त देईन. विकणाऱ्याने फोटोत बूड दाखवावं, रीडिंग लिहावं. नुसत्या छापील नावाला मी पैसे देणार नाही.