जेम्स लाफायेतची गोष्ट

जुन्या काळचे कपडे घालून इतिहास सांगणं म्हणजे पर्यटकांची करमणूक, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात कलोनियल विल्यम्सबर्ग हे अठराव्या शतकातलं गाव जिवंत करून दाखवणारं संग्रहालय आहे. तिथे मी जेम्सची भूमिका करणाऱ्या कलाकाराला ऐकलंय, म्हणून लिहितोय.

अमेरिकन क्रांती म्हटलं की आपल्याला वॉशिंग्टन आठवतो. पण जेम्स हा व्हर्जिनियातला एक गुलाम. 1781 मध्ये तो पळून आलेला गुलाम असल्याचं भासवून ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या छावणीत शिरला आणि तिथल्या बातम्या अमेरिकनांच्या बाजूने लढणाऱ्या लाफायेत या फ्रेंच सेनापतीला पोचवत राहिला. ब्रिटिशांनी तर उलट त्यालाच आपला हेर नेमलं! यॉर्कटाउनच्या निर्णायक लढाईत अमेरिकनांना विजय मिळाला, पण जेम्स गुलामच राहिला. व्हर्जिनियाच्या 1783 च्या कायद्याने सैनिक म्हणून लढलेल्या गुलामांना मुक्ती दिली, हेरांना नाही. 1784 मध्ये लाफायेतने स्वतःच्या हाताने प्रशस्तिपत्र लिहून दिलं, तरी सुटका व्हायला 1787 उजाडलं. पुढे त्याने लाफायेत हेच आडनाव लावलं.

हे सगळं पुस्तकात आहेच की. पण तो कलाकार ‘मी’ म्हणून बोलत होता. पुढे बसलेल्या एका लहान मुलीने विचारलं, "मग तुम्ही जिंकलात ना?" तो लगेच बोलला नाही. हातातली टोपी फिरवत राहिला, मग हळूच म्हणाला, "ते जिंकले. मी मालकाकडे परत गेलो." पोरगी आईला बिलगली. माझ्याही घशात आवंढा आला.