बाबांना शुगरमुळे पक्षाघाताचा झटका आला की झटक्यामुळे शुगर वाढली? (मदत हवी आहे)

नमस्कार. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बाबा ६३ वर्षांचे. मधुमेह ११ वर्षांपासून, बीपीची गोळीही चालू. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी शर्टाची बटणं लावत होते. उजवा हात काजापर्यंत जायचा आणि घसरून खाली यायचा. "हाताला मुंग्या आल्यात," म्हणाले, तेही जड जिभेनं. तासाभरात दवाखान्यात पोचलो. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला मेंदूत खोलवरची एक बारीक रक्तवाहिनी बंद झालेली दिसली. दाखल करताना शुगर २८६, बीपी १७०/१००. एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८.४.

आता खरं दुखणं. त्याआधी दोन दिवस शुगरच्या गोळ्या संपलेल्या होत्या. आणायचं काम माझ्याकडे होतं. तोंडावर कुणी बोलत नाही, पण आल्यागेल्याला "गोळ्या चुकल्या ना" हे ऐकवलं जातंच.

आता बाबा घरी आहेत, हात बराच सुधारलाय. दादानं शुगर १००च्या वर जाऊच द्यायची नाही असं ठरवलंय. गोळ्या त्याच, रात्रीचं जेवण निम्मं. परवा पहाटे बाबा घामानं भिजलेले, असंबद्ध बोलत होते. पुन्हा झटका आला या भीतीनं आम्ही गाडी काढली. निघता निघता बोट टोचलं तर शुगर ५२! साखरपाणी दिल्यावर वीस मिनिटांत माणूस ताळ्यावर.

दोन दिवसांच्या गोळ्या चुकल्यानं हे झालं का? आणि शुगर नक्की किती ठेवायची?

निशाचर:
फिजिशियन आहे. बाबांना न तपासता डोस सांगणार नाही, बाकी सांगतो.

२८६वरून काहीच ठरवू नका. मेंदूला झटका बसला की शरीरात ताणाची संप्रेरकं उसळतात आणि शुगर चढते, मधुमेह नसलेल्यांचीसुद्धा. तुमच्या कागदांत बोलका आकडा ८.४ आहे. म्हणजे साधारण तीन महिने सरासरी १९०च्या आसपास. दोन दिवसांनी तो एवढा हलत नाही. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होऊन त्या आतून अरुंद होतात, त्याला वर्षं लागतात. मधुमेहात पक्षाघाताचा धोका साधारण दीडपट ते दुप्पट असतो, तो या मार्गानंही. गोळ्या चुकवू नयेत हे खरंच, पण हे खापर तुमच्या डोक्यावर फुटत नाही.

दादांना मात्र आवरा. शुगर ७०च्या खाली म्हणजे लो, ५४च्या खाली म्हणजे धोक्याची. जेवण निम्मं आणि गोळ्या पूर्ण, मग पहाटे ती पडणारच. लो शुगरमध्ये कधी कधी एक बाजू लुळी पडते, बोबडी वळते, हुबेहूब पक्षाघात. म्हणून आधी बोट टोचा. शुद्धीवर असतील आणि नीट गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. गुंगीत तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. शुगर ठीक असूनही तोंड वाकडं किंवा हात लुळा असेल तर तडक दवाखाना. रक्ताची गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांचीच मुदत असते.

अ‍ॅकॉर्ड नावाच्या मोठ्या अभ्यासात मधुमेहींचं एचबीएवनसी ६च्या खाली रेटायचा प्रयत्न झाला. पक्षाघात कमी झाले नाहीत, मृत्यू वाढले, म्हणून २००८मध्ये तो भाग थांबवावा लागला. त्याच अभ्यासात काहींचं बीपी जोरात उतरवलं होतं, आणि त्यांच्यात पक्षाघात कमी झाले. बारीक रक्तवाहिनीचं दुखणं असेल तर मी आधी बीपीच विचारतो. तुम्ही ते लिहिलंय फक्त दाखल केल्या दिवशीचं. घरी किती असतं?

कावेरी:
आमच्या आईचंही असंच झालं होतं. पहाटे तीनचा गजर लावून आठवडाभर शुगर लिहिली आणि वही डॉक्टरांपुढे ठेवली. संध्याकाळची गोळी त्यांनीच कमी केली. भावाशी वाद घालत बसू नका, त्यालाच वही लिहायला द्या!

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. परवाची अपॉइंटमेंट घेतली, तोवर जेवण पूर्ववत. ५२चा आकडा दादाला दाखवला, गप्प बसला.

निशाचर, बीपीचं मशीन कपाटात सापडलं. सेल गळून आत हिरवं झालंय. शेवटची नोंद आठ महिन्यांपूर्वीची, १५८/९६. शेजारी बाबांच्याच अक्षरात लिहिलंय, 'पुन्हा बघणे'.