मदत हवी आहे: नातीच्या फ्रॉकचा गळा उभा राहतोय, पट्टी बसत नाही

नातीची_आजी
नातीसाठी फ्रॉक शिवतेय. बाकी सगळं झालं, घेर लागला, खालची दुमड घातली. गळा मात्र काही केल्या बसत नाहीये. पट्टी लावली की समोरून उभी राहते आणि हँगरवर टांगला तरी फ्रॉक एका बाजूने घसरतो. उसवून उसवून गळ्याच्या कडेचे धागे निघायला लागलेत. पट्टी मी उरेबच, म्हणजे कापडाच्या तिरक्या रेषेतच कापली आहे, तेव्हा तेवढं कृपया कोणी सांगू नका. शनिवारी माझा भाऊ तिच्याकडे चाललाय, त्याच्या हाती पाठवायचा आहे. लवकर सांगा.

उभा_आडवा
काकू, नात केवढी आहे? कापड कोणतं? गळा किती रुंद, किती खोल? मागे चीर आहे का? एवढं कळल्याशिवाय सांगणं कठीण आहे. जमलं तर फोटोही टाका.

रंगीत_रीळ
पट्टीच नको गळ्याला. वरची कड आत दुमडून नेफा करा आणि पाव इंची इलास्टिक ओवा. माझ्या दोन्ही मुलींचे फ्रॉक मी असेच शिवले. बटण नाही, काज नाही, मूल कितीही वळवळलं तरी डोक्यातून घातला की झालं. तासाभराचं काम आहे.

शिवणक्लास_ताई
इलास्टिकची घाई करू नका. मुळात पट्टी का उभी राहते ते बघा. गळ्याची गोलाई आत वळणारी असते. जिथे टीप येते तिथला घेर मोठा आणि पट्टीची वरची कड जिथे येते तिथला लहान. पट्टी सैल सोडून शिवली तर वरच्या कडेला कापड जास्तीचं उरतं, आणि ते जास्तीचं कापड उभं राहतं. उरेब पट्टी गोलाईत हलकी ओढत लावायची असते. खांद्याजवळ कमी, पुढच्या खोल भागात जरा जास्त. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकीचं आधी इथेच अडतं.

हाताची_तुरपाई
ताई, ओढायला सांगू नका हो. ओढून लावलेली पट्टी पहिल्या धुण्यात आखडते आणि गळ्याला सगळीकडे सुरकुत्या पडतात. पट्टी जशी आहे तशी ठेवून हाताने धावदोरा घालायचा, मग मशीनची टीप. मी सगळं असंच करते आणि माझी पट्टी कधी उभी राहिली नाही.

शिवणक्लास_ताई
आखडते ती जास्त ओढली म्हणून, किंवा पट्टीचं कापड आधी न धुता वापरलं म्हणून. मी हलकी म्हटलंय. धावदोरा घालताना तुमच्या हाताचाही ताण पट्टीला बसतोच, म्हणून तुमची उभी राहत नाही. तुम्हीही ओढूनच लावता, फक्त तुम्हाला ते जाणवत नाही.

नातीची_आजी
अडीच वर्षांची आहे. कापड साधं सुती, पातळ. चीर नाही. गळा मोठाच ठेवला आहे, नाहीतर डोकं कसं जाणार? इलास्टिक नको, तिच्या मानेला लगेच लाल वळ उठतात, लेकीने निक्षून सांगितलंय. पट्टी ओढायची की नाही ते एकदा नक्की सांगा, म्हणजे मी बसते मशीनवर.

उभा_आडवा
थांबा काकू, मशीनवर बसू नका एवढ्यात. चीर नाही आणि गळा मोठा, हे मुख्य आहे. हा गळा तुम्ही कशावरून कापलात? माप घेऊन, की कागदावरून?

नातीची_आजी
तिच्या जुन्या फ्रॉकवरून. लेकीने पाठवला होता. अंगात अगदी नीट बसतो म्हणते. तो कागदावर ठेवून आखला आणि डोकं जावं म्हणून गळा थोडा वाढवला. आधी एक फ्रॉक पाठवला होता मी, तोही खांद्यावरून उतरतो असं लेक म्हणाली.

बॉबिन_आणि_दोरा
पातळ सुती कापडाला ११ नंबरची सुई आहे ना? १४ ची असेल तर गळ्यापाशी कापड गोळा होतं. सुई बदलून बघा.

उभा_आडवा
काकू, तो जुना फ्रॉक होजियरीचा आहे का? टीशर्टसारखा ताणला जाणारा?

नातीची_आजी
हो, होजियरीचाच. त्यालाही चीर नाही.

उभा_आडवा
मग झालं. पट्टीचा दोष अगदी थोडा आहे. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने खूप मोठं असतं. अडीच वर्षांच्या मुलीचं डोकं साधारण १९ इंच भरतं, छाती २० च्या आसपास आणि मान जेमतेम १० इंच. होजियरीचा गळा १३-१४ इंचांचा असला तरी ताणून डोक्यावरून जातो आणि मानेशी परत आवळतो. सुती कापड ताणलं जात नाही. चीर न ठेवता त्यातून डोकं घालायचं तर गळा १९ च्या वर कापावा लागतो, आणि १० इंचांच्या मानेभोवती तो कुठेच टेकत नाही. म्हणून खांद्यावरून उतरतो. आधीच्या फ्रॉकचंही तेच झालेलं दिसतंय.

तुमच्या कागदावरच्या गळ्याचा पूर्ण घेर मोजा. टेप आडवी न ठेवता कडेवर उभी धरून गोलाईभर फिरवा. मग तसंच कापडावर मोजा. दोन्ही आकडे लिहा.

शिवणक्लास_ताई
हे बरोबर आहे. आणि कापडावरचा आकडा मोठा येणार, बघा. गळ्याच्या गोलाईत खांद्याकडून खाली उतरणारा जो तिरका भाग असतो, तो दोन बोटांत धरून अलगद ओढला की वाढतो, कारण तिथे धागे तिरपे येतात. प्रत्येक उसवणीला तो थोडा थोडा ताणला गेला असणार. म्हणून गळा कापल्या कापल्या कडेलगत एक साधी टीप मारून ठेवायची, पट्टी नंतर.

चिमणीचे_बाबा
मी मुलीसाठी शिवतो म्हणून लिहितोय. अंब्रेला फ्रॉकचा घेर काढायला कंबरेच्या मापाला ६.२८ ने भागा. कंबर २० असेल तर ३.२ इंच येतील, तेवढ्या त्रिज्येचा गोल काढा. अर्ध्या घेराचा हवा असेल तर ३.१४ ने भागा. अनेक जण अंदाजाने कापतात आणि मग कंबर मोठी होते.

नातीची_आजी
घेर लागलाय माझा. कागदावर २०, कापडावर जवळजवळ २१. रुंदी ६, पुढे खोली साडेचार, मागे २. आता एवढा कापलेला गळा लहान कसा करायचा?

रंगीत_रीळ
इलास्टिक नको तर चुण्या घ्या. गळ्याच्या कडेला लांब टाक्याच्या दोन टिपा मारा, खालचे दोरे ओढा, २१ चे १२ करा आणि वरून पट्टी लावा. पातळ कापडाला चुण्या छान पडतात. मागे चीर घ्यावी लागेल एवढंच.

हाताची_तुरपाई
किंवा नेफा करून नाडी ओवा. मागे फुलासारखी गाठ, किती गोड दिसते.

चिमणीचे_बाबा
नाडी गळ्याला कधीच नको. घसरगुंडीत, झोपाळ्यात, पाळण्याच्या कठड्यात अडकून मुलं गुदमरलेली आहेत. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ मध्ये मुलांच्या बाहेर घालायच्या कपड्यांच्या टोपीला आणि गळ्याला नाडी नसावी अशा सूचना काढल्या. युरोपातल्या ईएन १४६८२ या मानकातही सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्यापाशी नाडी चालत नाही. घरी शिवलेल्या फ्रॉकला हे तपासायला कोणी येत नाही, म्हणून आपणच पाळायचं.

हाताची_तुरपाई
हे मला ठाऊक नव्हतं. नाडी राहू द्या मग.

उभा_आडवा
चुण्यांना माझी हरकत वेगळी आहे. गळा ६ इंच रुंद आहे, म्हणजे खांद्याला दोन्ही बाजूंनी फार तर दीड-दीड इंच उरलाय. चुण्या घेऊन गळा आवळला की खांदा मानेकडे सरकेल आणि मुंढा, म्हणजे बाहीचा गोल, त्याच्याबरोबर ओढला जाईल. काखेत काचेल. कापड कमी पडलंय तिथे कापडच घालायला हवं. माझ्या मते गोल योक, म्हणजे गळ्याभोवती वेगळ्या कापडाचा जोड, बसवा.

तुमचा कागद आहेच. पुढचा आणि मागचा भाग खांद्याशी जोडून ठेवा आणि मोठ्या गळ्याच्या आत नवा लहान गळा आखा. रुंदी सव्वाचार, पुढे सव्वादोन खोल, मागे अर्धा इंच. घेर साडेअकराच्या आसपास येईल, मानेला मोकळा आणि खांद्यावर टेकणारा. जुना गळा आणि नवा गळा यांच्यामधलं जे कडं उरतं तेच तुमचं योक. खांद्यावर पाऊण-एक इंचाचं, पुढे सव्वादोन. पण बाहेरची रेष आखताना कापडाची कड धरू नका. धागे निघालेत त्याच्या खाली जिथे नवी टीप जाईल, ती रेष कागदावर उतरवा आणि माया, म्हणजे शिवणीसाठीचं जास्तीचं कापड, त्याच्या बाहेर वेगळी सोडा.

नातीची_आजी
कापड उरलेलं नाही. छोटे तुकडे आहेत फक्त.

उभा_आडवा
पुढच्या भागाला साधारण आठ इंच रुंद, सात इंच लांब तुकडा पुरतो, मागचे दोन भाग त्याहून लहान. तेही नसलं तर पांढरं सुती घ्या, मुद्दाम केल्यासारखंच दिसेल. फक्त आधी धुऊन, इस्त्री करून घ्या. फ्रॉकचं कापड धुतलेलं आणि योकचं नाही असं झालं तर पुढे योकच आटेल.

शिवणक्लास_ताई
योकचा उपाय मलाही पटतो. दुहेरी घ्या, आतलं अस्तर मऊ मलमलीचं. मानेला वळ उठतात म्हणता, तर माया अस्तराच्या आत बंद झालेली बरी. क्रम असा ठेवा: आधी फ्रॉकच्या पाठीला मधोमध साडेतीन इंच चीर घेऊन तिच्या कडा पट्टीने संपवा. योक आणि अस्तर सुलट बाजू एकमेकींवर ठेवून मागची कड, गळा, दुसरी मागची कड अशी सलग टीप. गोलाईत टिपेपर्यंत न पोचणारे छोटे कट द्या, मागचे कोपरे छाटा, उलटवा. मग बाहेरची कड फ्रॉकला जोडा आणि अस्तर आतून तुरपाईने बसवा. योकचे दीड आणि चिरेचे साडेतीन मिळून पाच इंच उघडं मिळतं, दोन्ही कडा धरून गळ्याच्या घेरात दहा इंचांची भर. साडेअकरा आणि दहा, १९ इंचांचं डोकं सहज जाईल.

वाढलेला एक इंच मात्र आधी आत घ्या. कडेलगत धावदोरा घालून कापड २० वर आणा आणि ओलसर फडक्यावरून इस्त्री दाबून ठेवा, घासू नका. पातळ सुती कापडात एवढं सहज मुरतं.

बॉबिन_आणि_दोरा
सुई बदललीत का?

नातीची_आजी
सुई ११ चीच आहे. बंद करायला मागे काय लावू? हूक टोचतील.

चिमणीचे_बाबा
एक चपटं बटण आणि दोऱ्याचं घर. मूल पाठीवर झोपलं तरी टोचत नाही. बटण दुहेरी दोऱ्याने लावा, खाली दोऱ्याची दांडी वळून गाठ पक्की करा आणि शेवटी जोरात ओढून बघा. तीन वर्षांखालची मुलं सुटलेलं बटण थेट तोंडात घालतात.

रंगीत_रीळ
मऊ इलास्टिक सैल ठेवलं तर वळ उठत नाहीत, हे मात्र मी सांगते. मानेच्या मापापेक्षा दोन इंच जास्त घ्यायचं. लोक मानेएवढंच कापतात आणि मग इलास्टिकला नावं ठेवतात.

शिवणक्लास_ताई
मुलीच्या आईने नको म्हटलंय ना, मग विषय संपला.

नातीची_आजी
योक लागलं. पांढरं घेतलं, अस्तर मलमलीचं. गळा टेबलावर सपाट पसरतोय, समोर कुठेही उभा राहत नाही. हँगरवरूनही घसरला नाही. मागच्या दोन कडा नेमक्या एकमेकींना टेकल्या, त्यात कट देताना जपून दिले. बटण उद्या सकाळी उजेडात लावते.

आधीचा फ्रॉक लेकीकडेच आहे, तो भावाबरोबर परत मागवते आणि त्यालाही असंच योक घालते. तोपर्यंत लेकीला डोकं, मान, छाती आणि खांदा अशी मापं घ्यायला सांगितली आहेत. बाहीचं काय काय माप मागू? पुढचा फुग्याच्या बाहीचा शिवायचा आहे.

उभा_आडवा
दंडाचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून बाही जिथवर हवी तिथवरची लांबी. दंडाच्या मापात दीड इंच ढिलाई धरा. मुंढ्याची गोलाई आपल्या कागदावरून घेता येते, ती मुलीवर मोजत बसायला सांगू नका, ती एवढा वेळ उभी राहणार नाही.

हाताची_तुरपाई
फुग्याच्या बाहीचा धागा नवा उघडा काकू, त्यावर मला बरंच लिहायचं आहे.