मैत्रिणीला आपल्या श्रद्धेबद्दल कसं सांगायचं? आणि लोक मोठेपणी कॅथलिक का होतात?

रेशीमधागा:

नमस्कार सगळ्यांना. मी जन्मापासून कॅथलिक, घरी संध्याकाळी रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, रविवारची मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना चुकवायची नाही, असं वाढलेली. ऑफिसात एक जवळची मैत्रीण आहे, तिच्या घरी देवधर्म असं काही नव्हतंच. माझे वडील गेले तेव्हा ती अंत्यविधीच्या मिस्साला आली होती आणि तेव्हापासून अधूनमधून प्रश्न विचारते. गेलेल्या माणसासाठी प्रार्थना का करता, कन्फेशनमध्ये, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापं कबूल करताना, खरंच सगळं सांगता का, मिस्सात देतात ती भाकर तुमच्यासाठी नुसती खूण आहे की त्याहून जास्त काही. आणि परवा म्हणाली, एखाद्या रविवारी तुझ्याबरोबर येऊ का?

मी लगेच हो म्हटलं पण आता धाकधूक होतेय. एक नातेवाईक म्हणतात ही संधी आहे, तिला पुस्तकं दे, व्हिडिओ पाठव, मागे लाग. भाऊ म्हणतो गप्प बस, श्रद्धा ज्याची त्याची, आणि लोक धर्म बदलतात ते लग्नासाठी नाहीतर कोणाच्या तरी दबावाने. मला दोन्ही पटत नाही. तिच्या मागे लागायचं नाहीये, पण माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तिच्यापासून लपवून ठेवणं हेही मैत्रीला धरून वाटत नाही. ज्यांनी मोठेपणी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली त्यांनी सांगा ना, तुम्हाला कशाने ओढलं? आणि कोणी काय केलं असतं तर तुम्ही पळून गेला असतात?

उंबरठ्यावरून:

ताई, मी मोठेपणी कॅथलिक झालो म्हणून लिहितो. आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते सोपं आहे. कोणी माझ्याकडे "अजून एक आत्मा मिळाला" अशा नजरेने बघितलं असतं तर मी परत फिरकलो नसतो. माणसाला ते लगेच कळतं हो, समोरचा माझ्याशी बोलतोय की माझ्यावर काहीतरी मोहीम चालवतोय.

ओढलं कशाने, हे एका वाक्यात सांगता येत नाही. मी पहिल्यांदा मिस्साला गेलो तेव्हा मागच्या बाकावर बसलो, कधी उठायचं कधी गुडघे टेकायचे काही कळेना. शेजारी एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांनी काही न विचारता आपलं प्रार्थनेचं पुस्तक माझ्या पुढ्यात सरकवलं, योग्य पान काढलं आणि जिथे वाचन चाललं होतं त्या ओळीखाली बोट ठेवलं. प्रत्येक वेळी पान बदललं की परत बोट. नाव विचारलं नाही, कुठल्या धर्माचे विचारलं नाही. कम्युनियनच्या वेळी, म्हणजे ती भाकर घ्यायला सगळे पुढे जातात तेव्हा, मी बसून राहिलो तर माझ्या गुडघ्यांवरून जावं लागू नये म्हणून स्वतः वळसा घालून दुसऱ्या बाजूने गेल्या. बाकी त्या दिवसाचं प्रवचन मला आठवत नाही.

नंतर मी वाचायला लागलो तेव्हा एडिथ स्टाइनबद्दल वाचलं. ज्यू घरात जन्मलेली, तत्त्वज्ञ हुसर्लची शिष्या, किशोरवयातच प्रार्थना सोडून दिलेली, म्हणजे बुद्धीने कुठे कमी पडणारी बाई नव्हे. ती एकदा फ्रँकफर्टच्या कॅथेड्रलमध्ये नुसती बघायला म्हणून शिरली तर बाजाराची टोपली हातात घेतलेली एक बाई आत आली आणि क्षणभर प्रार्थनेसाठी गुडघे टेकून बसली. रिकाम्या देवळात, रोजच्या कामाच्या मध्येच, जणू कोणाशी तरी खासगी बोलायला आल्यासारखी. हे तिने पुढे आवर्जून लिहून ठेवलंय. मग तिच्या ओळखीचे आडोल्फ राइनाख पहिल्या महायुद्धात मारले गेले आणि त्यांच्या विधवा पत्नीने ते दुःख ज्या श्रद्धेने पेललं ते बघून स्टाइन हलली. 1921 च्या उन्हाळ्यात मैत्रिणीच्या घरी अविलाच्या संत तेरेजाचं आत्मचरित्र हाती लागलं आणि 1 जानेवारी 1922 ला तिचा बाप्तिस्मा झाला. पुढे ती कार्मेल या संन्यासिनींच्या मठात गेली आणि 1942 मध्ये ऑशविट्झला तिला मारलं.

क्रम बघा म्हणजे, आधी एक अनोळखी बाई, मग एक दुःखातली ओळखीची बाई, आणि पुस्तक सगळ्यात शेवटी. तुमच्या मैत्रिणीने तुमच्या वडिलांच्या अंत्यविधीला तुम्हाला बघितलंय. तिचे प्रश्न तिथून सुरू झालेत, तुमच्याकडे वाद घालायचं कसब आहे की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

माझ्या बाबतीत शेवटचा धक्का कन्फेशनने दिला, म्हणजे कन्फेशन असतं या कल्पनेने. क्षमा ही मनातल्या मनात समजूत काढण्याची गोष्ट नाही, ती कानाने ऐकू येते, कोणीतरी देवाच्या नावाने मोठ्याने सांगतं की तुझी पापं माफ झाली. मला हे हवं होतं आणि कुठे मिळत नव्हतं. डोक्याने बरंच वाचलं, चर्चचा इतिहास, पहिल्या शतकांतले ख्रिस्ती लोक काय मानत होते वगैरे, आणि त्याची गरज होतीच, मी ते कमी लेखत नाही. पण वाचायला बसवलं ते या भुकेने.

शनिवारचा_वर्ग:

मी बऱ्याच वर्षांपासून मोठ्या माणसांना बाप्तिस्म्यासाठी तयार करणाऱ्या वर्गात शिकवते. तुमच्या भावाचं म्हणणं ऐकते कारण ते अगदीच चुकीचं नाही. लग्न ठरलंय म्हणून येणारे येतात. त्यांना आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो की लग्नासाठी कॅथलिक होणं लागत नाही. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायला बिशपांकडून सूट मिळते, कॅथलिक जोडीदाराने आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवायचा होईल तेवढा प्रयत्न करीन असं वचन द्यायचं, दुसऱ्याला त्याची कल्पना द्यायची, बस. हे ऐकून काहीजण सुटकेचा श्वास टाकतात आणि घरी जातात, आणि ते चांगलंच आहे. काहीजण तरी थांबतात. तेव्हा मला कळतं की लग्न हे फक्त दार होतं, आत यायचं कारण वेगळं आहे.

आणि दबावाचं म्हणाल तर चर्चचा कायदाच स्पष्ट आहे, कॅनन 748, म्हणजे त्या कायद्याचं 748 वं कलम, सांगतं की कोणालाही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला भाग पाडायचा अधिकार कोणाला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, 1965 मध्ये धर्मस्वातंत्र्यावरचा जाहीरनामा काढला त्याचा गाभा हाच. इतिहासात याच्या उलट घडलंय, जबरदस्ती झालीये, आणि ते झाकून कोणाला शिकवता येत नाही, मी वर्गात ते बोलते.

म्हणून तर इतका वेळ लावतात. कोणी आज म्हटलं आणि उद्या बाप्तिस्मा असं होत नाही. आधी नुसती चौकशीची पायरी, मग दीक्षार्थी म्हणून स्वीकार, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी बाप्तिस्म्यासाठी निवड, आणि ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या मिस्साला बाप्तिस्मा, दृढीकरण (पवित्र आत्म्याचा अभिषेक) आणि पहिलं कम्युनियन एकत्र. सोबतीला एक धर्मपालक, म्हणजे साथ देणारा कॅथलिक, असतो. बहुतेकांना काही महिने लागतात, कित्येकांना वर्षाच्या वर, आणि मधे कधीही थांबायची मोकळीक असते. माझ्या वर्गातून निघून गेलेले लोक आहेत, अजूनही भेटतात, बोलतात. जे आधीच दुसऱ्या ख्रिस्ती पंथात रीतसर बाप्तिस्मा घेतलेले असतात त्यांना पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत.

लोक का येतात याचं मला दिसलेलं सांगते. घरातला मृत्यू, मुलाचा जन्म, व्यसनातून बाहेर पडणं. कोणी संगीत ऐकून येतं, फ्रेंच कवी पॉल क्लोदेल 1886 च्या नाताळात पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये मारियेचं स्तोत्र चालू असताना एका क्षणात बदलला असं तो सांगतो. पण तसे लोक क्वचित, आणि त्यालाही चर्चमध्ये परत यायला पुढे चार वर्षं लागली. न्यूमनसारखे वाचून वाचून येणारेही असतात. न्यूमन हे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचे धर्मगुरू, ऑक्सफर्डमध्ये मोठं नाव, सुरुवातीच्या चर्चचा अभ्यास करता करता 1845 मध्ये कॅथलिक झाले आणि मित्र, मान, नोकरी सगळं गेलं. फायद्यासाठीच लोक धर्म बदलतात म्हणणाऱ्यांनी त्यांचं आयुष्य जरूर बघावं.

सरळ_विचारतो:

मी कॅथलिक नाही, कुठलाच नाही, पण धागा आवडला म्हणून लिहितोय. राग मानू नका. सगळं छान आहे पण शेवटी तुम्हाला ती मैत्रीण कॅथलिक व्हावी असं वाटतंच ना? मग मैत्री निखळ कशी राहिली? आणि दुसरं, ज्या चर्चमध्ये धर्मगुरूंनी लहान मुलांवर अत्याचार केले आणि वरच्यांनी ते दाबलं, तिथे तुम्ही मैत्रिणीला बोलावता, तर हे तिला सांगणार का?

मेणवात:

दादा, राग कशाला, हे दोन प्रश्न आम्ही स्वतःला विचारायलाच हवेत.

दुसऱ्याचं आधी. हो, सांगायचं. तिने विचारलं तर पहिल्या वाक्यात सांगायचं की हे घडलं, मुलांचं आयुष्य उद्ध्वस्त झालं, आणि ज्यांनी लपवलं त्यांनी पाप केलं. "सगळीकडेच होतं" असं म्हणायचं नाही, ते ऐकून पीडितांना पुन्हा मारल्यासारखं होतं. माझी श्रद्धा धर्मगुरूंच्या चारित्र्यावर उभी नाही, ख्रिस्तावर आहे, म्हणूनच मला हे उघडपणे बोलता येतं आणि बोललंच पाहिजे. ज्याला चर्चची फक्त चांगली बाजू दाखवून आत आणलं त्याला आपण फसवलंच की.

आता पहिलं. हो, मला वाटतं तिला ख्रिस्त भेटावा. मी खोटं कशाला बोलू, मला जे मिळालं ते माझ्या आवडत्या माणसाला मिळू नये असं कसं वाटेल? पण ती कधीच झाली नाही तर मैत्री कमी होणार का, हा खरा कस आहे. होणार असेल तर ती मैत्री नव्हतीच.

चार्ल्स द फुको आठवतात मला. तरुणपणी श्रद्धा गमावलेला फ्रेंच लष्करी अधिकारी. मोरोक्कोत मुसलमानांना प्रार्थना करताना बघून त्यांच्या मनात देवाचा प्रश्न परत जागा झाला, आणि घरी एक आतेबहीण होती, मारी, जिने त्यांना एका शब्दाने उपदेश केला नाही, फक्त माया केली. ही इतकी हुशार बाई जे मानते ते अगदीच वेडगळ कसं असेल, असं त्यांना वाटायला लागलं. 1886 मध्ये ते पॅरिसला एका धर्मगुरूंकडे गेले, धर्माबद्दल समजावून सांगा म्हणाले, तर त्यांनी सांगितलं गुडघे टेका आणि कन्फेशन करा. पुढे सहाराच्या वाळवंटात तुआरेग या तिथल्या भटक्या लोकांमध्ये राहिले, त्यांच्या भाषेचा शब्दकोश केला, दार सगळ्यांना उघडं ठेवलं. 1916 मध्ये मारले गेले तोवर त्यांच्यामुळे जवळजवळ कोणीही ख्रिस्ती झालेलं नव्हतं. आणि चर्चने त्यांना 2022 मध्ये संत म्हणून जाहीर केलं! आकड्यांचाच हिशोब असता तर तो माणूस कधीच संत झाला नसता.

रेशीमधागा, तुझ्या नातेवाइकांना संत मोनिकाची गोष्ट सांग. मुलगा ऑगस्टीन, जो पुढे स्वतः संत झाला, तरुणपणी हाताबाहेर गेला म्हणून ती एका बिशपांच्या मागे लागली की तुम्ही त्याच्याशी बोला, त्याची मतं खोडून काढा. बिशपांनी साफ नकार दिला. म्हणाले तो अजून ऐकायच्या अवस्थेत नाही, त्याला राहू दे, तू फक्त प्रार्थना कर, तो वाचता वाचताच उमजेल. ती रडत राहिली तेव्हा म्हणाले इतक्या अश्रूंचं पोर वाया जाणं शक्य नाही. पुढे मिलानला ऑगस्टीनला तिथले बिशप आंब्रोज भेटले आणि ऑगस्टीन स्वतः लिहितात की मला ते आवडायला लागले ते सत्याचे शिक्षक म्हणून नाही, माझ्याशी मायेने वागले म्हणून. 387 च्या ईस्टरला बाप्तिस्मा झाला.

पण भावाचंही पूर्ण ऐकू नकोस हं. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात लिहिलंय की तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला नेहमी तयार राहा, आणि लगेच पुढे, पण सौम्यतेने आणि आदराने. ती विचारतेय, म्हणजे उत्तर देणं लागतं. येत नसेल तिथे "मला नीट माहीत नाही, विचारून सांगते" म्हण. तुझे वडील गेल्यावर तू रोझरी हातात घेऊन कशी बसायचीस, काय मागायचीस, कधी शब्दच फुटले नाहीत का, हे तिला सांग. ते तुझ्याशिवाय दुसरं कोणी सांगू शकत नाही.

सरळ_विचारतो:

उत्तर प्रामाणिक वाटलं. पटलं सगळं असं नाही पण विचार करीन. धन्यवाद.

रेशीमधागा:

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचताना दोनदा डोळे भरून आले. ती या रविवारी येतेय. कम्युनियनच्या वेळी तिला काय सांगू? सगळे उठतील आणि ती एकटी बसून राहील, तिला परकं वाटेल अशी भीती वाटतेय. आणि मिस्सा संपल्यावर विचारू का कसं वाटलं?

शनिवारचा_वर्ग:

आदल्या दिवशीच सांगून ठेव, तिथे गेल्यावर कुजबुजत नको. सांग की आम्ही मानतो, ती भाकर म्हणजे खरोखर ख्रिस्त आहे, त्यामुळे ते घेणं म्हणजे "मी हे सगळं मानते" असं म्हणणं, आणि तुझ्याकडून तुला न पटलेलं वदवून घ्यायचं नाहीये. बसून राहिलं तरी चालतं, आणि बऱ्याच ठिकाणी हात छातीवर आडवे घेऊन पुढे गेलं की फादर आशीर्वाद देतात, तुमच्याकडे तशी पद्धत आहे का ते आधी विचारून ठेव. फार मागे बसू नका, काही दिसत नाही. बाकाच्या कडेला तिला बसव म्हणजे बाहेर जावंसं वाटलं तर जाता येईल.

नंतर लगेच विचारू नकोस. तीच बोलेल, त्या दिवशी किंवा पंधरा दिवसांनी. आणि नाव नको पण तिच्यासाठी आमच्या वर्गात या शनिवारी एक प्रार्थना करू, चालेल ना?

रेशीमधागा:

चालेल काय, हवीच आहे. तिलाही सांगते की करताय, तिच्या नकळत काही नको.