मदत हवी आहे: 'टॉडहंटर' या आडनावाचा अर्थ काय? (उद्या सकाळी छपाई!)

मुग्धा_घाईत
टॉडहंटर हे आडनाव इंग्लंडमध्ये कुठलं, अर्थ काय आणि या आडनावाची माणसं कितपत सापडतात? अर्धा तास गूगल केलं. वंशावळी विकणाऱ्या साइट्स आधी कार्ड नंबर मागतात. उद्या साडेनऊला पानं प्रेसमध्ये जायची आहेत, तेव्हा प्लीज लवकर. कशासाठी हवंय ते विचारू नका, मोठी कथा आहे.

शंकासुर
स्पेलिंग? टी-ओ-ए-डी असेल तर बेडूक. बेडूकमारे.

खारी_बिस्किट
जर्मनच्या दोन परीक्षा दिल्यात म्हणून सांगते, 'टोड' म्हणजे मृत्यू. मृत्यूचा शिकारी! अंगावर काटा आला.

मुग्धा_घाईत
बेडूक नको हो, छापायचं आहे. टी-ओ-डी असावं. मूळ मजकूर मोडीत आहे, त्यात 'टाडहंटर' असं वाचता येतं. स्पेलिंग मी अंदाजाने लावलं.

दुसरा_चहा
मोडीत?? कसला मजकूर? कोणत्या सालचा? निम्मं पोटात ठेवून धागा काढायचा आणि वर घाई.

निवृत्त_मास्तर
मजकूर ज्यांचा आहे ते तेव्हा कितवीत होते?

लँकेस्टरकर
बावीस वर्षं उत्तर इंग्लंडमध्येच राहतोय, त्यामुळे हक्काने लिहितो. बेडूक नाही आणि मृत्यू तर नाहीच. उत्तर इंग्लंडच्या आणि स्कॉटलंडच्या बोलीत 'टॉड' म्हणजे फॉक्स. लेक डिस्ट्रिक्टमध्ये राहिलेल्या बिअॅट्रिक्स पॉटरने १९१२ साली 'मिस्टर टॉड'ची गोष्ट लिहिली, तो मिस्टर टॉड फॉक्सच आहे. टॉड हे आडनावही त्यातूनच आलं.

टॉडहंटर मुख्यतः कंबरलंड आणि वेस्टमोरलंडमधलं. १९७४ पासून हे दोन्ही परगणे कंब्रिया काउंटीत गेले. डोंगराळ मुलूख, मेंढ्यांचा धंदा, कोकरं पळवणाऱ्या फॉक्सवर सगळ्यांचा राग. तेव्हा ही शिकार उमरावांची लाल कोटातली मौज नव्हती, उंदीर मारण्यासारखं काम होतं. १५६६ च्या कायद्याने फॉक्सचं मुंडकं आणून देणाऱ्याला चर्चच्या पंचांनी बारा पेन्स द्यायचे, असं ठरवून दिलं होतं. आडनाव या कायद्याहून जुनं आहे, पण माणूस काय करत असेल त्याचा अंदाज येतो.

आडनावाचं दुसरं टोकही उत्तरेकडेच बोट दाखवतं. दक्षिणेत शिकाऱ्याचं आडनाव बहुधा 'हंट' होतं, उत्तरेत आणि स्कॉटलंडमध्ये 'हंटर'.

भटकी_मनी
म्हणजे आपले कोल्हे! आणि हंटर धरलं तर वाघमारे. कोल्हेमारे 😄

खोकड
नेहमीची चूक. कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्सला मराठीत खोकड म्हणतात. द्राक्षं आंबट म्हणणाराही खरं तर खोकडच होता, क्रमिक पुस्तकांनी त्याला कोल्हा करून टाकलं. आडनाव खोकडमारे असं छापावं.

भटकी_मनी
खोकड म्हटलं तर दहातल्या नऊ जणांना खोकला आठवेल. कोल्हाच ठेवा.

खोकड
दहातले नऊ चुकतात म्हणून प्राणी बदलत नाही.

मुग्धा_घाईत
लँकेस्टरकर, मनापासून आभार! पण हा टॉडहंटर पुण्यात काय करत होता? आणि संख्या? दुर्मीळ असेल तर आमचं काम सोपं होईल, माणूस लगेच ओळखता येईल.

लँकेस्टरकर
दुर्मीळ आहेच, स्मिथ-जोन्ससारखं गल्लोगल्ली नाही. आकडे असे तोंडावर फेकता येत नाहीत, पण शोधता येतं. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. त्याच्या मागे चर्चची दप्तरं, ती १५३८ पासून. जुनी नोंद 'फ्री-बीएमडी' या साइटवर फुकट बघता येते, कार्ड नंबर लागत नाही. एकेका आडनावाच्या मागे लागणाऱ्या हौशी लोकांची संस्थाही आहे, गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज, १९७९ पासूनची. पण 'माणूस ओळखता येईल' म्हणजे काय? कोणता माणूस?

दुसरा_चहा
कंब्रियाचं खरं कशावरून? सगळ्यांत प्रसिद्ध टॉडहंटर, गणितवाला आयझॅक, १८२० साली राय गावात जन्मला. राय ससेक्समध्ये, पार आग्नेय टोकाला. म्हणजे आडनाव दक्षिणेचं.

लँकेस्टरकर
मुंबईत जन्मलेला कोल्हापुरे कोल्हापूरचा नाही का? माणूस कुठे जन्मला आणि आडनाव कुठे जन्मलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दुसरा_चहा
ठीक. पण नुसतं 'मी इथे राहतो' हा पुरावा नव्हे, एवढंच माझं म्हणणं.

शंकासुर
मग राजस्थानचा इतिहास लिहिणारा कर्नल जेम्स टॉड पण खोकड?

लँकेस्टरकर
आडनावाने हो. स्कॉटिश घराणं, शब्द तोच.

शंकासुर
तरीच. मराठ्यांवर काय गरळ ओकलंय त्याने! त्या १८२९ च्या पोथीवर आपल्याकडे अजून नीट उत्तर लिहिलं गेलेलं नाही. त्यावर वेगळा धागा काढतो.

निवृत्त_मास्तर
मुग्धाताई, पुन्हा विचारतो. मजकूर नक्की काय आहे? आणि लिहिणारे कितवीत होते?

मुग्धा_घाईत
बरं, सांगते. आमचा कुलवृत्तांत निघतोय. पणजोबांची रोजनिशी माळ्यावर सापडली. जुलै १८९७, पुणे. ओळ अशी: "रात्रौ टाडहंटर संपविला. मन हलके झाले." जूनमध्ये रँडचा वध झालेला, गावात धरपकड चालू. चुलतकाकांनी दोन अधिक दोन केलं आणि पणजोबांवर नऊ पानांचा लेख लिहिला. क्रांतिकारक, इतिहासाने उपेक्षिलेला वगैरे. मला फक्त तळटीप द्यायची आहे की हा साहेब कोण. कितवीत म्हणाल तर तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, पण देशासाठी वयाचं काय.

खारी_बिस्किट
आई शप्पथ. मृत्यूचा शिकारीच निघाला की.

दुसरा_चहा
मद्रासकडे एक सर चार्ल्स टॉडहंटर होते, नंतर म्हैसूरच्या महाराजांचे खासगी सचिव झाले. पण ते १९२० नंतरही ठणठणीत होते. तुमच्या पणजोबांचा नेम चुकला असावा. हलके घ्या.

निवृत्त_मास्तर
ताई, पणजोबांनी कोणालाही मारलं नाही. त्यांनी पुस्तक संपवलं.

चहाभाऊंनी वर ज्यांचं नाव घेतलं तेच आयझॅक टॉडहंटर. केंब्रिजच्या १८४८ च्या परीक्षेत पहिले आले आणि नंतर जन्मभर पाठ्यपुस्तकं लिहिली. बीजगणित १८५८, युक्लिडची भूमिती १८६२, मग नवशिक्यांसाठी वेगळं बीजगणित. हिंदुस्थानातल्या शाळा-कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या तीच चालली. पुस्तकाला लेखकाच्याच नावाने हाक मारायची रीत आपल्याकडे जुनी आहे. सतराव्या वर्षी तुमचे पणजोबा मॅट्रिकच्या आसपास असणार. युक्लिडचं शेवटचं प्रमेय झाल्यावर मन हलकं होणारच. साहेब स्वतः १८८४ मध्येच केंब्रिजला वारले होते.

गुरू मात्र कर्मठ. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने त्यांना प्रकाशाचा एक प्रयोग बघायला बोलावलं, तर म्हणे, "नको. हे मी जन्मभर शिकवत आलोय, आता माझ्या कल्पना उलट्यापालट्या व्हायला नकोत." खरी-खोटी देव जाणे, पण गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांना शिकवणारे गणिती डी मॉर्गन आपल्या मदुराईत जन्मलेले.

मुग्धा_घाईत
मास्तर, हे खरं असेल तर घोळ आहे. पुढच्या पानावर लिहिलंय, "आता हॉल आणि नाइट." काकांच्या लेखात ते पुढचे दोन साहेब आहेत. 'अपुरा राहिलेला कट' म्हणून स्वतंत्र परिशिष्ट जोडलंय.

निवृत्त_मास्तर
हॉल आणि नाइट यांचं बीजगणित. पहिलं १८८५, वरच्या इयत्तांचं १८८७. ते अर्धवट सोडणारे पुष्कळ. मीही एकदा सोडलं होतं.

भटकी_मनी
पॉपकॉर्न संपले माझे. मुखपृष्ठावर काय आहे?

मुग्धा_घाईत
पिस्तूल.

लँकेस्टरकर
खोकड काढा.

खोकड
शेपटी झुपकेदार, टोक काळं. पांढरं टोक काढलंत तर तो विलायती होईल. तुमच्या बाबतीत तेच बरोबर ठरेल म्हणा.

मुग्धा_घाईत
काकांना आत्ता फोन केला. पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, पिस्तूल काढ, पण परिशिष्ट राहू दे, ते लिहायला चार महिने लागलेत. मास्तर, तुमचा नंबर खासगी निरोपात पाठवता का? त्यांना तुमच्याशी भांडायचं आहे.

शंकासुर
कर्नल टॉडवर धागा काढलाय. सगळ्यांनी या.