काळा घोडा महोत्सव: तुमची एक संध्याकाळ सांगा

परवा भाचीला घेऊन फोर्टात गेले होते. जहांगीर आर्ट गॅलरीच्या जवळ, पार्किंगच्या मधोमध उभ्या असलेल्या घोड्याकडे बघून ती म्हणाली, "मावशी, हा घोडा पहिल्यापासून इथेच आहे ना?" नाही गं बाई. हा 2017 सालचा. माझ्या कॉलेजच्या दिवसांत इथे घोडा नव्हता, नुसत्या गाड्या होत्या. दोन गाड्यांच्या आरशांमधून अंग चोरून निघायचं, ओढणी अडकली की सोडवायची, हा रोजचा कार्यक्रम.

इथला पहिला कला महोत्सव झाला फेब्रुवारी 1999 मध्ये. तेव्हा मी समोरच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. काय पाहिलं ते फारसं आठवत नाही, खोटं कशाला बोलू. पण के. दुभाष मार्गावर, म्हणजे आपल्या रॅम्पार्ट रोवर, भर संध्याकाळी रस्त्याच्या मधोमध आम्ही चौघी हातात हात घालून चाललो होतो आणि मागून कुणी हॉर्न वाजवला नाही, हे लख्ख आठवतं. मुंबईत जन्म काढलेल्या मुलीला ते नवीन होतं.

आता महोत्सवाला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. दरवर्षी नऊ दिवस, आणि तेही बिनतिकीट. आपल्यातल्या कितीजणांनी तिथे काय काय केलं असेल! म्हणून हा धागा. एकच संध्याकाळ लिहा. "छान होतं, गर्दी होती" एवढ्यावर मात्र सुटका नाही.

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी (तेव्हाचा)

आमच्या ग्रुपचं इन्स्टॉलेशन निवडलं गेलं होतं. कल्पना साधी होती. पाडलेल्या चाळींच्या जुन्या खिडक्या भंगारवाल्यांकडून गोळा करायच्या, लोखंडी चौकटीवर एकावर एक चढवायच्या आणि मागून पिवळे दिवे सोडायचे. म्हणजे अंधार पडला की लांबून चाळीत माणसं जागी आहेत असं वाटेल. कागदावर फार सुंदर दिसत होतं. सागवानी खिडकीचं वजन किती असतं हे कागदावर कळत नाही.

आदली अख्खी रात्र रस्त्यावर काढली. वेल्डर दोन वाजता आला. केबल टाय संपले, मग सुतळी. पहाटे दव पडलं आणि एका सर्किटने मान टाकली. उजाडेपर्यंत कसंबसं उभं राहिलं.

दिवसा त्याच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. उन्हात ते भंगारच दिसत होतं. साडेसहानंतर दिवे लागले आणि माणसं थबकायला लागली. चौथ्या दिवशी एक आजोबा आले. सत्तरीचे असावेत, हातात कापडी पिशवी. तिसऱ्या ओळीतल्या खिडकीशी पाच-दहा मिनिटं उभे. आम्ही एकमेकांना कोपरखळ्या मारतोय, की आता यांच्या डोळ्यांत पाणी येणार, भावनिक क्षण, मोबाईल काढा. ते वळले आणि म्हणाले, "कडी उलटी लावलीये."

मग त्यांनी आमच्याकडून स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि कडी सोडवून सुलटी बसवली. खिडकीचा गजही हलवून पाहिला. "ही बाहेर उघडणारी खिडकी. तुम्ही आतून-बाहेरून अदलाबदल केलीत." एवढं बोलून निघून गेले. ज्युरीने जे पकडलं नाही ते त्यांनी पकडलं. उरलेल्या अकरा खिडक्या आम्ही त्याच रात्री तपासल्या. चार उलट्या निघाल्या.

फोर्टात नोकरी, बावीस वर्षं

मी कलाबिला बघत नाही. मला पाच पन्नासची लोकल पकडायची असते. त्या नऊ दिवसांत माझा नेहमीचा रस्ता बंद होतो, वळसा पडतो. एका वर्षी वैतागून आतूनच घुसलो तर कुणीतरी कॅमेरा हातात दिला, "काका, आमचा एक फोटो काढता?" एक म्हणता म्हणता सात कुटुंबांचे फोटो काढले. लोकल गेली. पुढची सहा वीसची, तीही उभ्याने.

त्या फोटोंत मागे खिडक्या होत्या खऱ्या. वर लिहिणाऱ्याच्याच असतील तर कळवतो, दिवे छान होते.

सावंतवाडीहून, वडिलांबरोबर

आमचा स्टॉल होता गंजिफाचा. बाबा चितारी. सावंतवाडीच्या राजवाड्यात बसून ज्यांनी हे काम केलं त्यांच्यातले. गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दशावतारी संचात 120 पाने असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. एकेका पानावर बाबा किती वेळ मान मोडून बसतात ते मी लहानपणापासून बघत आले आहे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं. एक मत्स्य, एक वराह उचलून तळहातावर तोलले आणि विचारलं, "हे कोस्टर्स सहाच्या सेटमध्ये मिळतील का?"

बाबांना कोस्टर म्हणजे काय ते मी मालवणीत समजावलं. मला वाटलं आता भडकणार. ते हसत सुटले. म्हणाले, "विष्णूच्या डोक्यार कपबशी?" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक युक्ती केली. संच मांडून ठेवायचा नाही, खेळायला बसायचं. समोर स्टूल, कुणीही बसावं. नियम शिकवायला वीस मिनिटं लागतात आणि तोवर मागे घोळका जमतो. विक्री किती झाली ते विचारू नका, पण कोस्टर हा शब्द परत ऐकू आला नाही. (आला. रविवारी. एकदाच.)

खरी लढाई दिव्याची झाली. स्टॉलला पांढरा एलईडी होता. त्या उजेडात बाबांचा लाल रंग जांभळट दिसायला लागला आणि पिवळा पार मेला. बाबा दोन दिवस अस्वस्थ. गिऱ्हाईक नसलं की पत्ता घेऊन बाहेर रस्त्याच्या दिव्याखाली जायचे, बघायचे, परत यायचे. शेवटी मी लोहार चाळीत जाऊन दोन पिवळे बल्ब आणले. ते लावल्यावर पहिल्यांदा बाबा खुर्चीत टेकले. आता कुठेही स्टॉल असला की आमच्या ट्रंकेत सगळ्यांत वर बल्ब असतो, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

स्वयंसेवक, दोन वर्षं

नऊ दिवसांत मला विचारलेले प्रश्न, जास्तीकडून कमीकडे: ताई टॉयलेट कुठे, घोडा कुठे, हे नक्की काय आहे. तिसऱ्याचं उत्तर मलाही येत नव्हतं. मी कलाकाराकडे बोट दाखवायचे आणि कलाकार मला टॉयलेट कुठे ते विचारायचा.

एक आई

बारा मिनिटं. घड्याळात बघितली होती म्हणून सांगते. रविवारची संध्याकाळ, मुलगी पाच वर्षांची, हात सुटला. त्या गर्दीत मला नुसत्या कमरा आणि बॅगा दिसत होत्या. नवरा एका टोकाला धावला, मी दुसऱ्या. पोलिसांना सांगितलं, स्वयंसेवकांना सांगितलं. तोंडाला कोरड पडलेली, तिच्या फ्रॉकचा रंगही सांगता येईना.

जहांगीरबाहेरच्या फुटपाथवर चित्रकार बसतात ना, जे वर्षभर असतात, त्यांच्यातल्या एकाच्या समोरच्या स्टुलावर ती बसली होती. स्थिर. तो चित्र काढत होता. म्हणाला, "रडत फिरत होती. उभी केली असती तर परत पळाली असती. म्हटलं चित्र काढतो, हलू नकोस. तशी बसली."

त्याने पैसे घेतले नाहीत. मी बळेच दिले, तर अर्धे परत केले, चित्र अर्धंच झालंय म्हणून. खरंच अर्धंच आहे. एक डोळा, नाक, गालावर ओघळ. आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय. पाहुणे विचारतात दुसरा डोळा का नाही. मुलगी आता कॉलेजात आहे आणि तिला यातलं काहीच आठवत नाही.

निवृत्त, हेरिटेज वॉकचा व्यसनी

मी महोत्सवाला सकाळी जातो. दिव्यांची मंडळी झोपलेली असतात तेव्हा. वॉक साधारण तेच असतात, तरी जातो, कारण दरवेळी एखादी गोष्ट नवी पदरात पडते. रॅम्पार्ट रो हे नाव किल्ल्याच्या तटावरून आलं आणि तो तट 1860 च्या दशकात पाडला, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. तोवर मी त्या नावाला काही अर्थ असेल असंच धरलं नव्हतं.

पण सांगायचंय ते वॉटसन हॉटेलचं. आताची एस्प्लनेड मॅन्शन. बिडाचा सांगाडा, भाग इंग्लंडहून जहाजाने आले आणि इथे जोडले. 7 जुलै 1896 ला तिथे ल्युमिएर बंधूंच्या फिल्म्स दाखवल्या, सहा छोट्या छोट्या, तिकीट एक रुपया. भारतातला सिनेमाचा पहिला खेळ तो. ल्युमिएर या आडनावाचा फ्रेंचमध्ये अर्थच उजेड! हे ऐकलं त्या संध्याकाळी मी मुद्दाम थांबलो. रॅम्पार्ट रोवर रोषणाईचा नुसता पूर आणि शंभर पावलांवर ती इमारत काळोखात, अंगावर जाळ्या लेऊन उभी. तिच्यासमोर मी एकटाच. एक जोडपं आलं, पण त्यांना टॅक्सी हवी होती.

अजून एक, थोडक्यात

मेट्रो 3 पूर्ण सुरू झाल्यावर पहिल्यांदाच हुतात्मा चौकाला उतरून आलो. जिना चढून वर आलो की थेट गर्दीत. पूर्वी चर्चगेटहून क्रॉस मैदानातून चालत यायचो, त्या पोलादी चरख्याशी मित्रांची वाट बघायची, उशिरा येणाऱ्याने चहा पाजायचा. आता सगळे वेळेवर येतात. चहा ज्याचा त्याने घ्यायचा.

धागा काढणारी

वाचतेय सगळं. कडीवाल्या आजोबांना कुणी ओळखत असेल तर माझा नमस्कार सांगा.

भाचीचं पुढे काय झालं ते लिहायचं राहिलं. ज्याच्यावरून काळा घोडा हे नाव पडलं तो मूळ पुतळा दाखवायचा म्हणून पुढच्या रविवारी तिला भायखळ्याला जिजामाता उद्यानात नेलं. तो 1879 सालचा, सातव्या एडवर्डचा. तेव्हा तो राजा नव्हता, युवराज होता. 1965 मध्ये फोर्टातून काढून इथे आणला. सगळा इतिहास मी वाटेत बसमध्ये सांगून टाकला होता.

ती पुतळ्याला एक फेरी मारून आली. घारापुरीच्या दगडी हत्तीशी जास्त वेळ रमली. मग परत येऊन वर बघत म्हणाली, "पण मावशी, यावर तर माणूस बसलाय. मग त्या जागेला माणसाचं नाव का नाही पडलं?"